बावन्न सोग्यांचा अंगरखा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आम्ही किती वेळा चढलो असू, याची गणती नाही. पाहुणे आले की मानमंदिर, सासबहूचे देऊळ, तेलीमंदिर दाखवावे आणि उतरावे, हा आमचा परिपाठ. वर्गातही आम्ही मानसिंह तोमरापाशीच थांबत आलो. गेल्या कार्तिकात मात्र पावले दाता बंदी छोड गुरुद्वाराकडे वळली. डोक्यास रुमाल बांधून आम्ही आत बसलो.

शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहाने याच किल्ल्यावर बंदीत ठेविले होते. पिता गुरू अर्जुनदेव यांचा १६०६ साली लाहोरास अंत झाला, तेव्हा अकरा वर्षांच्या या मुलाने दोन तलवारी कमरेस बांधल्या : एक मीरीची, म्हणजे ऐहिक सत्तेची, दुसरी पीरीची, अध्यात्माची. नामस्मरणाच्या पंथाने शस्त्र हाती घेतले ते येथून. पुढे सुटकेचा हुकूम आला. परंपरा सांगते, सोबतचे राजे सुटल्यावाचून निघणार नाही, असे गुरू म्हणाले. अंगरखा धरतील तेवढेच सुटतील, अशी अट पडली. गुरूंनी ५२ सोग्यांचा अंगरखा शिवविला आणि ५२ राजे गड उतरले!

कॉलेजात असताना एका मोर्चात आम्ही चौघे पकडले गेलो होतो. मामांच्या वशिल्याने आम्ही तेवढे संध्याकाळीच घरी आलो; तिघे रात्रभर कोठडीत राहिले. त्यांतील एकाशी तेव्हापासून बोलणे नाही. त्याचे घर याच शहरात आहे. तो रस्ता आम्ही टाळत आलो.

त्या दिवशी उरवाई दरवाजाने उतरून तिकडे गेलो. दारास कुलूप होते.