दंडाच्या पावत्या

धुळे-जळगावकडच्या ज्या घरांवर सत्तरच्या दशकात लाल बावट्याची छाया होती, त्या घरांतली पोरं आज साठीला आली तरी एकमेकांना लगेच ओळखतात. आमच्या वह्यांना ‘सोव्हिएत देश’च्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची. गणिताच्या वहीवर उझबेकिस्तानातली कापूस वेचणारी बाई तोंडभर हसायची, आणि इकडे बाजार समितीत आमच्या कापसाच्या भावावरून हाणामारी चाललेली. बैठक पुढच्या खोलीत. दाराबाहेरच्या चपला मोजून आई चहाचं आधण ठेवायची. मोर्चा असला की गल्लीतल्या घराघरांतून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा गोळा करायचा, ही आमची पहिली संघटनात्मक जबाबदारी!

बैठकीत कायम दोन पक्ष. एक ‘तत्त्वाचं काय?’ विचारणारा, दुसरा ‘पदरात काय पडलं?’ विचारणारा. आमच्याकडे वडील पहिल्यातले, काका दुसऱ्यातले. शहाद्याकडे (तेव्हा ते धुळे जिल्ह्यातच होतं) 1972 पासून श्रमिक संघटनेने सालदारांची मजुरी आणि आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनी हे प्रश्न हाती घेतले होते. तिथल्या बायांनी दारूची मडकी फोडायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत रात्रभर वाद झाला: हे वर्गलढ्यात बसतं की नाही? आजी आतून म्हणाली, “तुमनी क्रांती यी तवय यी, आज दयन कोन आनी?” दळण काकांनी आणलं. वाद सकाळपर्यंत चालला.

मग 1978 उजाडलं. कापडण्याचे कॉम्रेड शरद पाटील, ज्यांनी पाणिनीचं व्याकरण हट्टाने शिकून घेतलं होतं, मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले. क्रांती झाली की जात आपोआप जाईल, हे त्यांना पटत नव्हतं. मार्क्सच्या जोडीला फुले आणि आंबेडकर घेऊन त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. वडील त्यांच्याबरोबर गेले, काका जुन्या पक्षात राहिले. एका वाड्यात ‘जीवनमार्ग’ही यायचा आणि ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ही. दोन्ही अंक कोनाड्यात शेजारी पडून असायचे, वाचणारे मात्र जेवताना एका पंगतीला बसत नसत. दिवाळीच्या फराळाचं ताट आम्ही पोरं अंगण ओलांडून पोहोचवायचो. ‘चारच माणसं घेऊन कुठे क्रांती होते का?’ असा काकांचा टोला असायचा, आणि व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तर तो खराच होता. नवा पक्ष मोठा कधी झाला नाही. पण ‘जय भीम’ आणि ‘लाल सलाम’ एका दमात म्हणणारी आजची पोरं ऐकली की वाटतं, त्या चार माणसांचा माल बाजारात जरा लवकर आला होता.

याउलट काकांचं गाठोडं. साक्री-नवापूरच्या पट्ट्यात आदिवासी जंगलजमीन कसायचे. वनखातं ‘अतिक्रमण’ म्हणून दंड करायचं आणि पावती फाडायचं. वडिलांच्या मते दंड भरणं म्हणजे आपण चोर आहोत असं कबूल करणं. जमीन बापजाद्यांची, मग दंड कसला? काका म्हणायचे, भरा, पण पावती सांभाळा. त्यांनी गावोगावच्या लोकांच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोरीने बांधून आमच्याच माळ्यावर ठेवल्या होत्या. मळकट, घामाने शाई पसरलेल्या चिठोऱ्या. कुणाच्या पावतीवर नाव चुकलेलं, कुणाच्या नुसता अंगठा. वडील त्या पिशवीला ‘शरणागतीचं दप्तर’ म्हणायचे.

2006 ला वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा द्या, असं सांगितलं गेलं आणि त्या पुराव्यांत दंडाच्या पावत्याही चालू लागल्या. खात्याने गुन्हेगार ठरवण्यासाठी फाडलेला कागद हक्काचा दाखला झाला. काका तेव्हा हयात नव्हते. पिशवी वडिलांनीच माळ्यावरून काढली, चष्मा लावून एकेक पावती गावाप्रमाणे वेगळी केली आणि एक शब्द बोलले नाहीत.

मात्र यावरून काका जिंकले, असं मी म्हणणार नाही. दंड, मारहाण, पोलीस ठाणं हे सगळं सोसून दरवर्षी पुन्हा नांगर घालणारी माणसं नसती, तर पावती फाटलीच नसती. आणि ती माणसं ‘जमीन आमची आहे’ एवढ्या एकाच तत्त्वावर उभी होती. कायदाही देशभरच्या मोर्च्यांच्या रेट्याने आला, अर्ज-विनंत्यांनी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दोघेही आपापल्या जागी उपयोगाचे होते, तरी वीस वर्षं अंगणात भिंत राहिली. तेवढ्या काळात दोघांच्या संसाराचा खर्च आईच्या शाळेतल्या पगारावर आणि काकूच्या शिवणयंत्रावर चालला. ठरावांत त्या दोघींचं नाव कुठेच नाही.

वनहक्काचे कितीतरी दावे अजून अडकून पडले आहेत. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांची एक मुख्य मागणी हीच होती. तेव्हा खानदेशातल्या ज्या घरांत जुन्या कार्यकर्त्यांच्या ट्रंका अजून असतील, त्यांना एवढंच सांगणं: पत्रकं, वह्या, पावत्या रद्दीवाल्याला घालण्याआधी एकदा उघडून पाहा. त्यात एखाद्याच्या सातबाऱ्याचा पुरावा असू शकतो.