मोहगावचा फोनो

जुना ग्रामोफोन मिळवणे कठीण नाही, त्याला वाजता ठेवणे कठीण आहे. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पण त्याचे सुटे भाग मात्र जन्मभर शोधावे लागतात. आणि आपल्यासारख्या महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाने हा नाद धरला, की शोधापेक्षा किंमतच जास्त छळते. म्हणून माझ्या सासुरवाडीच्या फोनोची गोष्ट जरा तपशिलात सांगतो. कुणाच्या तरी माळ्यावर असेच एखादे यंत्र धूळ खात पडलेले असेल, त्याला उपयोग होईल.

सासुरवाडी मोहगावची. सौंसरजवळचे हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्य मध्य प्रदेश, पण घरातली भाषा मराठी. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. राज्याची रेघ एकीकडे आणि घरातली बोली दुसरीकडे, हे आम्हा गोंयकारांना समजावून सांगावे लागत नाही.

तर त्या घरात एचएमव्हीचा १०२ नंबरचा पेटीवजा ग्रामोफोन आहे. हे मॉडेल १९३१ साली बाजारात आले. काळी पेटी, बाजूला चावी, कर्णा आतच लपवलेला. सोबत तबकड्यांची एक ट्रंक, बहुतेक नाट्यसंगीताच्या. त्यात मास्टर दीनानाथांच्या दोन निघाल्या तेव्हा मी नकळत ताठ बसलो. मंगेशीचा आवाज सातपुड्याच्या पायथ्याशी ट्रंकेत झोपलेला! तसे पाहिले तर त्या ७८च्या तबकड्यांत लाख असते, आणि लाख येते ती पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरून. म्हणजे गाणे गोव्याचे असले तरी तबकडीचे खरे माहेर असली जंगलेच.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा तो फोनो विकायचे जवळजवळ ठरले होते. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी ४,००० रुपये देऊन गेला असता. थोरल्या मेहुण्यांचे म्हणणे साधे होते, वाजत नाही तर ठेवायचा कशाला? फक्त सासऱ्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, गप्प होत्या. वय ८४. लहानपणी या फोनोला चावी देण्याचे काम त्यांचे. मी पेटी उघडली तशी त्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वाजन का जी हे, जवाईबापू?"

आता व्यापारी ही वस्तू कशाला नेतो ते सांगतो. बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे 'अँटिक' ग्रामोफोन दिसतात ना, त्यातले बरेचसे नवे असतात. नवी लाकडी पेटी, नवा कर्णा, वर कुत्र्याचे चित्र, आणि आत मोटर मात्र असल्याच एखाद्या खऱ्या १०२ मधून उपसलेली. दिवाणखान्यात शोभेला एक खोटा उभा करायचा तर एक खरा मारावा लागतो. म्हणून चालू स्थितीतले सुटे भाग दिवसेंदिवस महाग होत आहेत. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, मी स्वतः मोटरीचे भाव ऐकून हात खिशातून बाहेर न काढता परत आलो आहे.

मी मेहुण्यांकडे उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागितली आणि खर्चाला २,००० रुपयांची मर्यादा घालून घेतली.

पहिले दुखणे स्प्रिंगचे. ती चपट्या पोलादाची लांबलचक पट्टी, २५ मिलिमीटर रुंद, गोल डब्यात गुंडाळलेली. हा डबा घरी उघडू नये. आतली पट्टी सुटली तर बोटे कापते. शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर सौंसरला भेटले. त्यांनी हातमोजे घालून ती एकेक वेढा सोडत काढली. तुटली होती ती आतल्या टोकाला, जिथे ती आसाच्या खुंटीला अडकते तिथेच. नवी मागवायची गरज नव्हती. तुटका तुकडा, वीतभर, कापून टाकला. मग नवे टोक लाल होईपर्यंत तापवले, सावकाश निवू दिले आणि त्यात भोक पाडले. तापवून न निववता भोक पाडायला जावे तर पोलाद तडकते. स्प्रिंग वीतभर आखूड झाली, पण दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्याला ती पुरून उरते. आत ग्रॅफाइटचे ग्रीस भरले. ते मोटारींच्या दुकानात मिळते.

दुसरे दुखणे स्क्रूचे. तबकडीचा वेग कायम ठेवणारी तीन वजनांची एक फिरकी असते, तिचा एक बारीक स्क्रू गळून पडला होता. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाच बसेना, कारण हे आटे जुन्या ब्रिटिश बी.ए. मापाचे. आपले आजचे मेट्रिक. पण हेच आटे जुन्या रेडिओंतही असत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक मोडका व्हॉल्व्हचा रेडिओ १५० रुपयांना मिळाला आणि त्यात एक नव्हे, चार स्क्रू निघाले. त्या फिरकीवर टेकणारी चामड्याची चकती हार्मोनियमवाल्याने तशीच दिली, पैसे घेतले नाहीत.

तिसरे दुखणे साऊंडबॉक्सचे, म्हणजे सुईची थरथर ज्या पातळ पडद्यावर आवाज होते त्या डबीचे. पडद्याभोवतीचे रबर दगडासारखे झाले होते. त्याच्या जागी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसवली. डबीच्या पाठीला मात्र केसासारखी चीर आहे. त्या काळची जस्ताची मिश्रधातू वयोमानाने फुगते आणि तडकते, तिला औषध नाही. दुसरी चांगली डबी घ्यायची तर माझी सगळी मर्यादा तिच्यातच संपली असती. चीर तशीच ठेवली. खालचे स्वर किंचित खरखरतात.

राहिल्या पिना. पोलादी पिन एका बाजूला एक, हा नियम. ती झिजण्यासाठीच केलेली असते, नाही बदलली तर ती तबकडी झिजवते. यात काटकसर करणे म्हणजे दीनानाथांच्या गळ्यावर कानस फिरवणे. नव्या पिना अजून बनतात, २०० पिना ६०० रुपयांना पडल्या. एकूण खर्च १,८४० रुपये.

एक सांगायचे राहिले. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. तिच्यासारख्या हौशी मंडळींनी तबकड्या जपल्या म्हणून आपल्याला जुने पुष्कळ ऐकायला मिळते. केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी मोगूबाई तबकडीत आहेत. पण तबकडी जपली आणि ती वाजवणारे यंत्र मोडीत गेले, तर घरातल्या घरात ऐकायचे कशावर?

मे महिन्यात मोहगावला फोनो जोडला. चावी आत्याबाईंनीच दिली, न मोजता, पण शेवटचा वेढा कुठे थांबवायचा हे त्यांच्या मनगटाला बरोबर ठाऊक होते. दीनानाथ वाजले. खरखर होती, आणि तिच्यातून तो तिखट, पाणीदार आवाज वर आला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. तबकडी संपल्यावर त्यांनी जुनी पिन काढून वाटीत टाकली आणि नवीसाठी माझ्यापुढे हात केला.

मेहुण्यांनी व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवले. आता गोव्याहून मोहगावला कुणीही निघाले, की सामानात काजू आणि आमसुलांबरोबर पिनांची एक पुडी जाते.