कागदाची सळसळ

वर्तमानपत्राचं पान फाटताना ऐकलं की मी आजही आकुर्डीतल्या एका औषधांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहते. आधी टर्रकन लांब चीर, मग घडी पडतानाची सळसळ, मग कडांवरून अंगठा फिरला की बारीकशी चुर्र. पहिली पाळी सुटलेली असायची, भोंगा नुकताच वाजून गेलेला, आणि रिकामे डबे हँडलला अडकवून सायकलींची रांगच्या रांग वसाहतीकडे वळत असायची. दुकानात खोकल्याचं औषध, बाम, बाळाची गुटी, सगळं उघड्यावर दिलं जायचं. एखादी बाई मात्र गर्दी ओसरेपर्यंत कडेला थांबायची आणि हळूच चिठ्ठी पुढे सरकवायची. दुकानदार खालच्या कप्प्यात हात घालायचा, आणि तो आवाज व्हायचा. पुडकं चारी बाजूंनी बंद, वरून पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे. ती बाई ते पिशवीच्या तळाशी ठेवायची, वर मेथीची जुडी.

त्यात काय असायचं हे मला कुणी सांगितलं नाही. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढणाऱ्या मुलींना अशा गोष्टी आपोआप उमगत जातात. बाहेर रस्त्याकडेच्या चुना मारलेल्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा मोठा लाल त्रिकोण रंगवलेला होता. सरकार हमरस्त्यावर जे ओरडून सांगत होतं, ते घरात येताना कागदात तोंड लपवून येत होतं. केवढी गरज, आणि केवढा संकोच!

पुढे बऱ्याच वर्षांनी चिंचवडला एका छोट्या सभागृहात ‘ध्यासपर्व’ पाहिला. अमोल पालेकरांचा २००१ सालचा चित्रपट. किशोर कदम संततिनियमनासाठी झटणारे रघुनाथ धोंडो कर्वे झालेले, सीमा बिस्वास त्यांच्या पत्नी मालतीबाई. अंधारात बसल्या बसल्या तो फाटत्या कागदाचा आवाज माझ्या कानात पुन्हा सुरू झाला आणि चित्रपट संपेपर्यंत थांबला नाही.

रघुनाथरावांना समाजाचा राग लहानपणीच भेटला होता. १८९३ साली वडिलांनी, धोंडो केशव कर्व्यांनी, एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरूड गावाने घरावर बहिष्कार टाकला. तेव्हा हा मुलगा अकरा वर्षांचा. पुढे तो गणिताचा प्राध्यापक झाला. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. हे काम आणि विल्सन कॉलेजातली नोकरी एकत्र नांदेनात, तेव्हा १९२५ साली नोकरी सुटली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य त्या मासिकाने खाल्लं. बाईच्या शरीराविषयी, तिच्या इच्छेविषयी, तिच्या नकाराविषयी साध्या सरळ मराठीत लिहिणारा हा माणूस गावाच्या तोंडी अश्लील ठरला. १९३१ साली खटला झाला. १९३४ साली पुन्हा झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही निकाल विरुद्ध गेला. दोनशे रुपये दंड. ज्याच्या घरी मासिकाच्या कागदाचे पैसे जमवताना जीव मेटाकुटीला येत होता, त्याला दोनशे रुपये!

पडद्यावर हे सारं उलगडत असताना माझी नजर मात्र मालतीबाईंकडे जात राहिली. लोकांनी नावं ठेवली ती लेखकाला; पण भाजी घ्यायला, पाणी भरायला, हळदीकुंकवाला कोण जात होतं? या जोडप्याने ठरवून मूल होऊ दिलं नाही, कामाला वाहून घेता यावं म्हणून. शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. त्या काळात बिनमुलाच्या बाईकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या वसाहतीतल्या एका वहिनींना बारशाला बोलावताना बायका घुटमळायच्या. मालतीबाईंनी तर हे स्वतःहून पत्करलेलं, आणि वर नवऱ्याची बदनामी आपल्या पदरात घेतलेली. कोर्टाने दंड एकाला केला, पण तो दोघांनी भरला, आणि मालतीबाईंचा हिस्सा कुठल्याच पावतीवर आला नाही. सीमा बिस्वासांच्या त्या अबोल डोळ्यांत मला तो न लिहिलेला हिस्सा दिसत राहिला, आणि घसा दाटून आला.

लेखकाला बदनामीने कसं मोडता येतं ते जगाने आधीच पाहिलं होतं. १८९५ साली लंडनच्या न्यायालयाने ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी दिली; तो बाहेर आला, पण उभा राहिला नाही. त्याच्यावरचा ‘वाइल्ड’ हा १९९७ चा चित्रपट मी पाहिला तेव्हाही माझं लक्ष त्याच्या घराकडे, पत्नी कॉन्स्टन्सकडे आणि त्या दोन मुलांकडे गेलं. मुलांना बापाचं आडनावसुद्धा टाकावं लागलं. कर्वे मात्र मोडले नाहीत. महिन्यामागून महिना अंक निघत राहिला, बराचसा मजकूर एकहाती लिहिलेला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. शेवटचा अंक कर्व्यांच्या मागे नोव्हेंबरमध्ये आला, आणि सव्वीस वर्षांचं ते मासिक थांबलं.

आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. कर्व्यांनी ज्यासाठी शिव्या खाल्ल्या ते देशाचं धोरण झालं. एकेकाळी वाळीत टाकलेल्या वडिलांना १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला तेवढी वर्षं आली नाहीत, आणि तसा दिवसही आला नाही.

परवा चाकणला गेले होते. महाळुंग्याच्या बाजूला गोदामांच्या ओळी, कंटेनरची रीघ, आणि कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेली कोवळी जोडपी दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत संसार मांडून बसलेली. औषधांच्या दुकानात आता वर्तमानपत्राच्या जागी काळी पिशवी आली आहे. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलेली एक मुलगी तशीच कडेला थांबली होती. तिचा नंबर येईपर्यंत तिने मोबाइलमधून मान वर केली नाही.

माझ्या आईला दोनच मुलं. म्हणून तिला दुपारी शिवणयंत्रावर बसता आलं, म्हणून माझ्या कॉलेजची फी वेळेवर भरली गेली, म्हणून आमच्या त्या दोन खोल्यांत अभ्यासाला एक कोपरा उरला. वसाहतीतल्या कितीतरी घरांची गोष्ट हीच आहे. आम्ही हे सुख बिनबोभाट घेतलं, आणि ज्यांनी त्याची किंमत भर चौकात मोजली त्यांचं नाव आमच्यापैकी एकाही घरात कधी निघालं नाही. कामगारांच्या या नगरीत, जिथे पाळीपाळीने घरं चालतात आणि पगाराच्या आकड्यावर स्वप्नांची लांबी ठरते, तिथे ‘ध्यासपर्व’ वस्तीवस्तीत दाखवावा असं मला फार मनापासून वाटतं. बघायला आयांनी यावं, मुलींनी यावं, आणि त्यांच्या शेजारी बापांनी, भावांनी, नवऱ्यांनीही बसावं. रघुनाथरावांचे आणि मालतीबाईंचे आपण ऋणी आहोत, आणि ते ऋण आता चारचौघांत बोलून दाखवायला हवं.