पेटीचा गांधार

हार्मोनियम म्हणजे रोजच्या बोलण्यातली पेटी. हे वाद्य पितळी रीडवर वाजते. एका टोकाला घट्ट बसवलेली पातळ जीभ, तिच्याखाली तिच्याच मापाची खाच आणि भात्यातून येणारा वारा, एवढ्यावर एक सूर उभा राहतो. दुसरा सूर हवा असेल तर दुसरी रीड लागते. दोन सुरांच्या मधली जागा या वाद्यात नाही. तारेवर बोट घसरते, गळ्याला मींड घेता येते, पेटीची पट्टी मात्र एक तर दाबलेली असते नाही तर सुटलेली. हिंदुस्थानी संगीतात सुराइतकेच, किंबहुना त्याहून जास्त मोल एका सुरातून दुसऱ्यात जाण्याला आहे. तरीही विसाव्या शतकात गाण्याच्या साथीला हेच वाद्य येऊन बसले आणि तिथून उठले नाही. एखादे वाद्य एखाद्या संगीताचे कधी होते, हा प्रश्न यापेक्षा अवघड रूपात क्वचितच पडला असेल.

हार्मोनियम जन्माला आली युरोपात. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास तिला हे नाव आणि रूप दिले. ती मुळात खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत, दोन्ही हातांनी वाजवायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ पेढीने हाताने भाता मारायची, जमिनीवर ठेवायची सुटसुटीत पेटी रूढ केली. बदल दिसायला लहान वाटतो, पण त्यामुळे वाद्य बैठकीत आले. एक हात भात्याला गेल्यामुळे स्वरांसाठी एकच हात उरला आणि युरोपीय वादनाचा कणा असलेली दोन हातांची स्वरसंगती आपोआप गळून पडली. उरली ती एकपदरी सुरावट, म्हणजे इथल्या गाण्याला नेमकी हवी असलेली गोष्ट.

पेटीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप शुद्ध गांधाराबाबत आहे आणि तो हिशेबाने पडताळता येतो. सोयीसाठी षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारेत याच्या पटीतली कंपने असतात: ४८०, ७२०, ९६०, १२००. यातला पाचवा नाद, १२०० चा, म्हणजेच तारेतून आपसूक ऐकू येणारा गांधार. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात तो अगदी स्पष्ट उमटतो. दोन सप्तके खाली आणला तर तो ३०० वर येतो, आणि गायकाचा गळा त्याच्याकडेच ओढला जातो. पेटी मात्र बारा समान भागांत लावलेली असते, त्यामुळे तिचा गांधार ३०२.४ वर बसतो. अडीच कंपनांचा हा फरक ऐकताना फारसा वाटू नये. पण पेटीच्या गांधाराचा चौथा नाद १२०९ च्या वर जातो, तो तंबोऱ्याच्या १२०० शी भिडतो आणि सेकंदाला नऊ-साडेनऊ झोल, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. शुद्ध धैवताचेही तसेच: नैसर्गिक ४००, पेटीचा ४०३.६. पंचमात मात्र दोघांत अर्ध्या कंपनाचासुद्धा फरक नाही. म्हणून पेटी ‘बेसूर’ आहे असे सरसकट म्हणणे चूक; ती काही ठिकाणी बेसूर आहे, आणि त्या ठिकाणी चांगलीच बेसूर आहे.

यावर कारागिरांचा उपाय म्हणजे गांधार ट्यूनिंग. ठरलेल्या पट्टीचा षड्ज धरून तंबोऱ्याच्या नादात एकेक रीड मिळवतात. रीडची जीभ टोकाकडे किंचित घासली की ती हलकी होते आणि सूर चढतो. बुडाशी घासली की लवचीक होऊन सूर उतरतो. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून बारीक कानशीने दोन-तीन हात मारायचे, रीड जागेवर बसवायची, ऐकायचे, पुन्हा काढायची. घासताना पितळ तापते आणि तापलेली रीड खोटा सूर सांगते, म्हणून थंड होईपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर दुसऱ्या दिवशी सगळे सूर वर सरकलेले निघतात. खर्ज, नर आणि मादी अशा तिन्ही ओळी असतील तर एकाच पट्टीखालच्या तिन्ही रीड एकमेकींशीही जुळवायच्या असतात. झोल संपला की कारागीर पुढच्या पट्टीकडे जातो. हे काम यंत्राच्या काट्यावरही होऊ शकते, पण शेवटचा निर्णय कानाचा असतो. भात्याच्या दाबाने रीड थोडी हलतेच आणि वाजवणाऱ्याचा हात कसा आहे हे काट्याला ठाऊक नसते.

या उपायाची किंमत म्हणजे अशी पेटी एकाच षड्जाची होते. काळी एकसाठी मिळवलेल्या पेटीवर काळी चारच्या गायिकेची साथ केली तर समान भागांच्या पेटीपेक्षाही वाईट ऐकू येते. गंमत अशी की गायकांनी स्वतःच्या आवाजाची उंची सांगायला पेटीच्याच पट्ट्या उचलल्या. पेटी न लावणारे गवईही आपण पांढरी एकमध्ये गातो असेच सांगतात.

सगळ्या श्रुती, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा, पेटीत घालाव्यात असाही प्रयत्न झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींचे गणित मांडले, अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यावरून ते पडताळले, आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या मदतीने लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतिपेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण गायक-पंडितांनी ती स्वीकारली नाही. आपल्या काळात मुंबईचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. या प्रयत्नांमागचा ध्यास खराच, मात्र एक अडचण राहते. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ साली प्रत्यक्ष गायन-वादन मोजले तेव्हा एकाच कलावंताचा एकच स्वर एका मैफलीतही जागा बदलताना आढळला. तेव्हा गायकाचा गांधार हा ठिपका नसून पट्टा आहे. बावीस ठिपके केले तरी तो त्यांत मावणार नाही.

पेटीवर पहिली जोरदार टीका केली ती कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी आणि इंग्रज संगीत-अभ्यासक ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेज यांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी. पुढे ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये तिच्यावर तिखट लेख लिहिला. रेडिओचे नियंत्रक लायोनेल फील्डन यांनाही ती खपत नव्हती. रवींद्रनाथ ठाकूर यांनीही विरोधाच्या बाजूने वजन टाकले, आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम बंद झाली. भारतीय संगीत शुद्ध ठेवण्यासाठी परकीय वाद्य हद्दपार करा, असा आग्रह धरणाऱ्यांत इंग्रज पुढे होते. पेटी चालवून घेणारे बहुतेक लोक इथले होते. स्वातंत्र्यानंतरही बंदी तशीच राहिली. ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. तीस वर्षे रेडिओवर सारंगी वाजली, आणि रेडिओबाहेर गावोगावच्या भजनात, कीर्तनात, गायनवर्गात, नाटकाच्या पिटात पेटीच वाजत राहिली.

ती का टिकली, याचे उत्तर स्वरशास्त्रात सापडत नाही. सारंगी गळ्याच्या सर्वांत जवळचे वाद्य. पण तीसहून अधिक तरफेच्या तारा मिळवायला वेळ लागतो, नखाच्या मुळाशी तार घासून घासून घट्टे पडतात, आणि शिकायला आयुष्य लागते. त्याहून मोठी अडचण सामाजिक होती. सारंगिये कलावंतिणींच्या कोठ्यावर साथ करणारे, म्हणून गाणे घराघरांत नेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गाला ते वाद्य दिवाणखान्यात नको होते. पेटीला असा कोणताही भूतकाळ नव्हता. तिचे परकेपणच तिच्या कामी आले. सारंगीवर हा अन्याय झाला, यात शंका नाही, आणि पेटीच्या बाजूने बोलणारे तो सोयीस्करपणे विसरतात.

महाराष्ट्रात तिला मोठा आधार मिळाला तो रंगभूमीचा. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात मागच्या बाकापर्यंत सूर पोचायला हवा होता, आणि पेटीचाच भाऊबंद असलेला पायाचा ऑर्गन ते काम करी. गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक. १९११ च्या ‘मानापमाना’तल्या पदांच्या चाली त्यांनी बांधल्या. ग्वाल्हेरच्या भय्यासाहेब गणपतरावांनी ठुमरीच्या अंगाने पेटी वाजवून ती किती लवचीक होऊ शकते हे आधीच दाखवले होते. पुढे मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, बोरीचे तुळशीदास बोरकर अशी पिढ्यांची रांग लागली. पु. ल. देशपांडे यांची पेटी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती विनोदी लेखकाची हौस वाटणार नाही.

या मंडळींनी नेमके काय केले, ते साथीत पाहावे. दरबारी कानड्यातला कोमल गांधार आंदोलित असतो. तो रिषभाकडून वर झुलतो आणि ठरल्या पट्टीवर कधीच स्थिर राहत नाही. कच्चा साथीदार तिथे कोमल गांधाराची पट्टी दाबून धरतो आणि राग जागच्या जागी मोडतो. जाणकार रिषभ धरतो, भाता हलका करतो, गांधाराला बोट लावल्यासारखे करून परत येतो, किंवा ती जागा सोडूनच देतो आणि गायक षड्जावर आला की त्याला मिळतो. मींडेचा भास आणायचा असेल तर पहिली पट्टी सोडायच्या आत दुसरी दाबतात; दोन सूर क्षणभर एकमेकांवर चढतात आणि त्याच क्षणी भात्याचा दाब कमी होतो. कण, खटका, मुरकी यांवर बाकीचे भागते. गायकाची फिरत सुरू झाली की अर्ध्या श्वासाने मागे राहायचे, ओलांडायचे नाही. गायक श्वास घ्यायला थांबला तर त्याची शेवटची जागा उचलून धरायची, नवे काही सुचवायचे नाही, निदान तो सुचवू देईपर्यंत तरी नाही. कोणत्या स्वरावर गप्प बसायचे हे साथीच्या शिक्षणातले सर्वांत उशिरा येणारे ज्ञान आहे. पट्टीत नसलेल्या श्रुती साथीदार अशा रीतीने वाजवण्यात नाही तरी न वाजवण्यात सांभाळतो.

कर्नाटक संगीतातले व्हायोलिनही परकेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितर यांनी ते आपलेसे केले आणि त्याच्यावर बंदी घालावी असे कोणाला वाटले नाही, कारण तारेवर गमक निघते. म्हणजे ‘परके’ हा शब्द वादात वापरला गेला तरी अडचण देशाची नव्हती, यंत्राच्या मर्यादेची होती. तरीही देशाचा मुद्दा विझत नाही. अकाल तख्ताने २०२२ मध्ये सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून रबाब, सारंदा यांसारखी तंतुवाद्ये परत आणण्याची सूचना केली. त्यामागे गुरूंच्या काळच्या वाद्यांचे जतन हा हेतू आहे आणि तो समजण्यासारखा आहे. उलट कव्वालीत पेटी काढली तर गाण्याचा ढाचाच ढासळेल; नुसरत फतेह अली खाँ यांच्या मैफलीत ती गळ्याइतकीच पुढे असे. तीच वस्तू एका उपासनेत उपरी ठरते आणि दुसरीत घरची.

आज शास्त्रीय साथीत गांधार ट्यूनिंगच्या पेट्या वाढत आहेत, कारण मोबाइलवरच्या तंबोऱ्याने सूर नेमका धरून ठेवल्यामुळे झोल लपत नाहीत. भजनी मंडळी आणि गायनवर्ग समान भागांच्याच पेटीवर आहेत, कारण तिथे एका बैठकीत चार पट्ट्या बदलतात. स्केल चेंजरच्या पेटीत पट्ट्या रीडवरून सरकवून षड्ज बदलता येतो, पण ती जड होते. काही साथीदार दोन पेट्या ठेवतात, एक पुरुषांच्या पट्टीची आणि एक बायकांच्या, आणि कार्यक्रम ठरवताना गायकाला मानधनाआधी पट्टी विचारतात.