फेनवेला जाताना

बाहेरगावाहून बॉस्टनला येणाऱ्या बेसबॉलवेड्याने गाडी हॉटेलातच ठेवावी. ग्रीन लाइनने केनमोर स्टेशन गाठलं की पुढे वाट विचारावी लागत नाही; गर्दीच नेऊन सोडते.

फेनवे पार्क 1912 सालचं, म्हणून तिकीट काढताना डोळे उघडे हवेत. ग्रँडस्टँडमध्ये छताचे खांब आहेत. नेमकी खांबामागची खुर्ची वाट्याला आली, तर पिचर दिसतो आणि बॅटर गायब! लाकडी खुर्च्याही अरुंदच.

डावीकडची 37 फुटी हिरवी भिंत सगळेच पाहतात. तिच्यावरच्या धावफलकाचे आकडे आजही माणसं हाताने बदलतात, खरी गंमत ती. उजवीकडे हिरव्या खुर्च्यांच्या रांगांत एकच लाल. 1946मध्ये टेड विल्यम्सचा 502 फुटांचा फटका तिथेच, एका प्रेक्षकाच्या गवती हॅटवर आदळला होता.