कवा आला, मेजर?

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठला रेल्वे नाही, त्यामुळे इथला जवान घरी येतो तो टप्प्याटप्प्यानं. पंजाबकडून येणारा सचखंड एक्स्प्रेसनं परभणीला उतरतो, स्टँडवर ट्रंकेवरच टेकतो, गंगाखेडच्या एसटीत खिडकी मिळाली तर गोदावरीचा पूल डोळे भरून पाहतो. पुढं रस्ता मावळतीला वळतो. पावसाळ्यात इथली काळी माती बुटाला अशी धरते की पाय उचलून टाकणं हीच एक कवायत होऊन बसते.

घर गाठायच्या आत कुणीतरी विचारतंच, "कवा आला, मेजर?" आणि उत्तराला न थांबता, "कवा जायचं?" हुद्दा शिपायाचा असो की हवालदाराचा, गावाला तो मेजरच. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. आईच्या देखत मात्र हा दुसरा प्रश्न विचारू नये. भाकरी थापणारा तिचा हात एकदम जड होतो.

या मुलखानं वर्दीवर माया करायला वेळ घेतला. साताऱ्याकडं पलटणीची वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली. एकट्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' कायमचं चिकटलं. सोनपेठ निजामाच्या राज्यात. मराठवाड्यात १९४८ च्या पावसाळ्यापर्यंत वर्दी दिसली की दार लावून घ्यायचं, हाच शहाणपणा होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि दारं उघडली. सगळी नव्हेत. त्यानंतरच्या दिवसांत संस्थानातल्या अनेक मुसलमान वस्त्यांनी काय भोगलं, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीनं करून ठेवली आहे. मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला ती कुणी वाचून दाखवत नाही.

त्या फौजांचे सेनानी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी पुढं लष्करप्रमुख झाले. १९६५ चं युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झालं, तेही सप्टेंबरातच भडकलं. त्या युद्धातून परतलेल्या एका मराठी जवानाची गोष्ट सोनपेठच्या पोरांना शाळेत सांगायला हवी होती. कुणी सांगितली नाही.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे. लष्कराच्या ईएमई दलात कारागीर आणि नाव कमावलेले बॉक्सर. सियालकोट आघाडीवरच्या त्या दिवसाची आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे, आणि ती सुरू होते एका शिट्टीपासून. शिट्टी वाजली ती हवाई हल्ल्याचा इशारा म्हणून. काही जवानांना वाटलं, चहाची वेळ झाली. युद्धाच्या कथांत तोफा असतात, नकाशे असतात. इथं चहा आहे. वरून विमानं येताहेत आणि खाली काही माणसांच्या मनात त्या क्षणी फक्त गरम, गोड चहा आहे. पेटकरांना गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यापाशी रुतून बसली. खाली पडले तेव्हा लष्कराचीच एक गाडी अंगावरून गेली. वर्षाहून अधिक काळ ते शुद्धीवर नव्हते. पुढं मुंबईत, नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात, कमरेखालचं शरीर आपलं ऐकत नाही हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी विशीसुद्धा धड उपभोगली नव्हती.

पाण्यात उतरा, असं उपचार करणाऱ्यांनी सांगितलं. जमिनीवर जे पाय ओझं झाले होते, ते पाण्यात निदान आड येईनात. ठोसा मारायला तयार झालेले खांदे आता पाणी कापायला लागले.

खेळातून सावरण्याची ही वाट मुळात सैनिकांसाठीच पाडलेली. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांना नुसतं निजवून ठेवायचं नाकारलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ ते. त्या वेळी सोनपेठ अजून निजामाचंच होतं. सुटकेला सात आठवडे बाकी होते.

ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक घेतलं, ते जागतिक विक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. आणि त्याच महिन्यात मराठवाडा आभाळाकडं बघत होता. बहात्तरचा दुष्काळ! विहिरींनी तळ दाखवलेला, माणसं खडी फोडायला रस्त्यावर, पोटात मिलोची लाल भाकरी नाही तर सुकडी. पुढच्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एक मराठी जवान पाण्यात जगाच्या पुढं निघून गेला, आणि इकडं हंडाभर पाण्यासाठी बायका मैल तुडवत होत्या. कुणाला कुणाची खबर नव्हती. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी. मधल्या काळात पुण्यात टेल्कोतली नोकरी, संसार. त्यांच्यावरचा चित्रपट २०२४ मध्ये आला तेव्हा नव्या पिढीला नाव कळलं. या माणसाला युद्धावरून घरी यायला किती वर्षं लागली, हे मोजायचं तर सुरुवात आणि शेवट कुठं धरायचा हाच प्रश्न पडतो.

सोनपेठ तालुक्यात आज पाणी दिसतं. वाणीसंगमला वाण नदी गोदावरीला मिळते, खडक्याला बंधारा आहे. त्या बंधाऱ्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, आणि बंधारा आटला की केंद्र थंडावतं. २०१३ च्या दुष्काळात तसं झालं, २०१५ मध्ये पुन्हा झालं. नदी उशाला असून तालुक्यानं टँकरही पाहिले. तरी ओलिताला आलेल्या रानात ऊस वाढलाय, आणि परतलेल्या फौजीला हात घालायला काम आहे.

ते काम महत्त्वाचं, कारण हल्ली स्वागतच फार मोठं होतं. निवृत्त होऊन आलेल्याला उघड्या जीपमध्ये उभं करतात, फेटा बांधतात, डीजे लावतात, जेसीबीच्या बकेटातून फुलं उधळतात. हौस खरी असते, नाही म्हणायचं कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, वीस वर्षं बिगुलावर उठलेला माणूस ओसरीवर एकटा बसतो आणि हातांना काही सुचत नाही, तेव्हा जेसीबीवाला तिथं नसतो. 'कवा जायचं' हा प्रश्न बंद झालेला असतो, आणि गंमत म्हणजे त्याच्याविना चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मग मोटार दुरुस्त करणं, बांध घालणं, लेकीला सायकल शिकवणं, यातून तो हळूहळू गावात उतरतो. दोरी लावून सरळ केलेल्या कापसाच्या ओळी बांधावरून दिसल्या की ओळखावं, हे मेजरचं रान. अशा सकाळी तो बांधावर उभा राहून उगाच हसतो, आणि बायको विचारते, "काय झालं हो?"

आता परतण्याचं वयच बदलतंय. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. नोकरी चार वर्षांची, शंभरातले २५ कायम, बाकीचे घरी. पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारीत प्रशिक्षणाला लागली. सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येणारा यातला पोरगा बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचा. पेटकर हायडेलबर्गला पाण्यात उतरले तेव्हा २७ वर्षांचे होते.

भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी मराठवाड्यातली पोरं सेवानिधीचा हा हिशेब आधीच मांडून बसलेली असतात. दम खात, गुडघ्यांवर हात ठेवून भांडतात. कुणी म्हणतो पहिल्यांदा बोअर, कुणी ट्रॅक्टर, कुणी बहिणीचं लग्न. आणि एखादा म्हणतो, परभणीत अकॅडमी काढू, तुमच्यासारख्यांना पळवू आणि फी घेऊ.