ग्राम्फू ते बातल

2019 साली स्पितीला निघालो. ग्राम्फूच्या पुढे डांबर संपले. सकाळचे निमूट नाले दुपारी बर्फ वितळताच फुगतात. नाला आला की पिकपचा पहाडी ड्रायव्हर दांडा ओढून चारही चाके जोडी. मागे सौभाग्यवती देवाचे नाव घेई.

“कायमचीच का नाही जोडत?” मी विचारले.

वळताना पुढची चाके मागच्यांहून जास्त अंतर कापतात. या जोडणीत दोन्ही आस जखडलेले. खडीवर चाक घसरून ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो यंत्राच्या अंगावर येतो. कायमच्या जोडणीत मधला डिफरन्शियल हा फरक सोसतो. बर्फ आणि डांबर आळीपाळीने लागणाऱ्या वाटेला, माझ्या मते, तीच बरी.

“मास्टरजी, बिघडली तर इथे खोलणार कोण?” एवढे बोलून त्याने गाडी पाण्यात घातली.